नर्स नसलेल्या नर्सबाय

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हिराबाय घरत यांचं नाव घेतो. आईवडिलांच्या आधी घेतो, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. माझी मुलगी ओवी आज घरभर धावते ती हिराबायमुळे, हे त्यांना माहीत आहे. ती वाचली त्या दिवसाची उरलेली हकीकत मी त्यांना फार उशिरा सांगितली. इथे ती सगळी लिहितो, कारण अर्धी गाळली तर हिराबाय कशा बाई आहेत हे कळायचं नाही.

उलव्यात जुन्या गावठाणाला लागून घरतांची चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर हिराबाय आणि त्यांच्या मुलाचं कुटुंब, वर सगळे आमच्यासारखे भाडेकरू. गावात त्यांना नर्सबाय म्हणत, आणि त्या प्रत्येक वेळी ते दुरुस्त करत. "मी नर्स नाय. आया होते. झारू मारायचे, सुया उकलायचे." उपकेंद्रात सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, झाडू मारणं आणि सुया उकळणं. दिवसातून दहा जणांनी नर्सबाय म्हटलं तर दहा वेळा हेच उत्तर. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी इंजेक्शनची सुई पुढे केली आणि एवढं टोचून द्या म्हणाले, तेव्हा तापल्या तव्याला हात लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला. मग पायात चपला घातल्या आणि आजोबांना स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या.

चपला घालणं ही त्यांची खूण होती. गावातल्या बायका त्यांना नाना गोष्टी विचारायला येत. जे माहीत असे ते त्या दोन वाक्यांत सांगत. नसेल तर म्हणत, "मना माहीत नाय," आणि कोपऱ्यातल्या चपला शोधू लागत. म्हणजे आता डॉक्टरकडे जायचं. त्यांना हे म्हणताना कधी ओशाळल्यासारखं झालेलं मी पाहिलं नाही. मी एकदा गमतीने म्हणालो, काकी, लोक तुम्हाला एवढं मानतात, तुम्ही असं सारखं माहीत नाही म्हणता. त्या म्हणाल्या, "माहीत नाय बोलाला लाज कसली?" त्यांची आगरी बोली मला ऐकू येते तशी मी लिहितो आहे. मी परभणीकडचा, त्यात चुका असतील.

माझं नेमकं उलट होतं. मी मानवतचा. वडील बाजार समितीत हमाल. घरातला पहिला पदवीधर मी. ऐरोलीत एका विमा कंपनीच्या कार्यालयात लोकांचे दाव्याचे कागद तपासतो. बारीक अक्षरातली अट शोधून काढणं हेच माझं काम. इमारतीत कोणाचा शाळेचा फॉर्म, कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा भाडेकरार असं मी भरून देत असे. त्यामुळे सगळे मला सर म्हणू लागले. मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. मला ते आवडत असे. हिराबायही सर म्हणत, पण त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू, त्यामुळे "सर, तू जेवलास काय?" असं ऐकू येई आणि माझी बायको मनीषा तोंडाला पदर लावून हसे. पुढे लोक मला फॉर्मपलीकडचंही विचारू लागले. गाडीचं कर्ज कुठून घ्यावं, पोटदुखीवर काय घ्यावं. माहीत नाही असं मी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

गेल्या मे महिन्यात नळाला पाणी नव्हतं आणि टँकर सुरू होते. एका शुक्रवारी टँकरचं पाणी इमारतीच्या टाकीत पडलं आणि शनिवारी निम्म्या घरांत पोटं बिघडली. ओवी आठ महिन्यांची होती. सकाळपासून पाण्यासारखी शी, वर उलट्या. मी मानवतला आईला फोन केला. आई म्हणाली, दूध-पाणी सगळं बंद ठेव, पोटाला आराम पडू दे, आम्ही तुम्हा भावंडांना असंच वाढवलं. मनीषाला ते पटत नव्हतं. ओवी तिच्या पदराशी झोंबत होती. पण मीही आईचीच बाजू घेतली. दिवसभर आम्ही त्या लेकराला काही दिलं नाही. संध्याकाळी ती रडायची थांबली, तेव्हा मला वाटलं, उतार पडला.

रविवारी सकाळी ती हाताला कोमट, मऊ, निसटती लागली. मी औषधाच्या दुकानातून क्षारसंजीवनीची पाच पाकिटं आणली. पाकिटावर तीन भाषांत कृती छापलेली होती. मी ती वाचली नाही. एवढं तर मला माहीत आहे, असं मला वाटलं. दूध पाजायच्या छोट्या बाटलीत पाणी घेतलं आणि अख्खं पाकीट त्यात ओतलं. लेकरू लहान आहे, पाणी कमीच पोटात जाणार, तेव्हा औषध तरी पुरतं जावं, असा माझा हिशोब. ओवीने चार घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. आज मी त्या ओकारीला हात जोडतो.

बाटली विसळून पुन्हा भरत होतो तेव्हा दारात सचिन आला. तो वरच्या मजल्यावर राहायचा, चिपळूणकडचा, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्याचा रुद्र अकरा महिन्यांचा. म्हणाला, "सर, आमच्या रुद्रचंपण चालू झालंय. तुमी काय देताय?" मी त्याला दोन पाकिटं दिली आणि कृती सांगितली. एक पाकीट, एक बाटली, हलवायचं, पाजायचं. त्याने माझ्यासमोर ते एकदा म्हणून दाखवलं, चुकू नये म्हणून.

दहाच्या सुमारास हिराबाय वर आल्या. टाकीचं पाणी कोणी पिऊ नका, उकळून घ्या, असं सांगत त्या दारोदार फिरत होत्या. सुरुवात तळापासून केली होती आणि आमच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. ओवीकडे नजर गेली आणि त्या आत येऊन खाली बसल्या. टाळूवर बोट फिरवलं. तिथे खळगा पडला होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभी राहिली तशीच राहिली, मग हळूहळू खाली गेली. ओवी कण्हत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. शू कधी केली, त्यांनी विचारलं. मनीषाला आठवेना. मग त्यांनी जमिनीवरची बाटली उचलली, दोन थेंब तळहातावर घेतले आणि जिभेला लावले.

"कोनी बनवला ह्या?"

मी म्हणालो, मी. त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "चाख."

मी चाखलं. खाडीचं पाणी होतं ते.

"डोल्यातला पानी जवरा खारा, तवराच खारा पायजे. त्याच्यावर गेला तर पोराचा रगत सुकवतंय." मग पाकीट माझ्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. अक्षरं तितकी बारीकही नव्हती.

सकाळीच उकळून ठेवलेलं पाणी त्यांनी खालून मागवलं, लिटरच्या बाटलीत मोजून भरलं, त्यात पाकीट टाकलं, चाखलं. वाटी आणि चमचा घेतला. एक चमचा ओवीच्या गालात, मग थोडं थांबायचं, मग दुसरा. मनीषाला म्हणाल्या, अंगावर पाज, कोनाचा ऐकू नको. ओवीने तोंड लावलं पण ओढायची ताकद तिच्यात नव्हती. ते पाहिलं आणि हिराबाय म्हणाल्या, "मना एवराच येतंय. फुडचा डॉक्टरचा." आणि उठून चपला घालू लागल्या.

रविवार असल्यामुळे जवळचे दवाखाने बंद होते. बेलापूरच्या बाजूला मुलांचं एक हॉस्पिटल उघडं असल्याचं रिक्षावाल्याला माहीत होतं. रिक्षात मधे हिराबाय, त्यांच्या मांडीवर ओवी, एका बाजूला मनीषा, एका बाजूला मी. खड्डा आला की त्या चमचा वर धरत आणि रिक्षा सरळ झाली की गालात सोडत. एक थेंब सांडू दिला नाही. खाडीपुलावर माझा फोन वाजला. सचिनचा मेसेज होता. "सर, गटागटा पितोय. थँक्यू सर."

मला सगळं एका क्षणात कळलं. तो का गटागटा पितोय तेही कळलं. मीठ जितकं जास्त, तितकी तहान. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. फोन लावायला एक मिनिट लागलं असतं. पण हिराबाय खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, आणि मी बोललो असतो तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. रुद्र अंगाने धट्टाकट्टा आहे, हॉस्पिटलात पोचल्यावर निवांत फोन करू, असं मी स्वतःला सांगितलं आणि फोन खिशात ठेवला.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरबाईंनी ओवीला आत घेतलं. काय काय दिलं, किती दिलं, विचारलं. हिराबायनी माझ्या पाठीला हात लावला, म्हणजे तू सांग. मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे सांगितलंत ते बरं झालं, आता सलाईन बेताने द्यावं लागेल. तेव्हा कुठे माझ्या तोंडून दुसरं निघालं. मी हिराबायना बाजूला घेऊन म्हणालो, काकी, सचिनलाही मी हेच सांगितलंय.

त्यांनी माझा फोन मागितला, सचिनला लावून घेतला. "ती बाटली फेक. पोराला घेऊन हितं ये. आत्ता. इचारू नको." मग बाहेर जाऊन फाटकाशी उन्हात उभ्या राहिल्या, सचिनची रिक्षा येईपर्यंत. रिक्षातून रुद्रला त्यांनीच उतरवून घेतलं. त्याचे हात तेव्हाच ताठ होऊन थरथरत होते. "त्याचापन सांग डॉक्टरला," त्या मला म्हणाल्या, आणि मी सांगितलं. सचिन तेव्हा खाली कागद भरत होता आणि पूजा, त्याची बायको, बाहेरच्या बाकावर बसली होती. दुसरी बाटली अकराच्या सुमारास पाजली, असं ती सांगत होती. मेसेज मला साडेदहाला आला होता.

ओवीने रविवारीच संध्याकाळी डोळे उघडून मनीषाचं मंगळसूत्र ओढलं. रुद्र मंगळवारी सकाळी गेला.

डॉक्टरांनी सचिनला समजावून सांगितलं, की जुलाब फार झाले होते, आणि पाजलेलं औषध दाट झाल्यामुळे अंगातलं मीठही वाढलं होतं. कशाने किती, ते नक्की सांगता येत नाही. सचिनने ते ऐकून घेतलं. खोली सोडून गावी निघण्याच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला. मी, मनीषा, आणि ओवीला बघायला वर आलेल्या हिराबाय, असे आम्ही होतो. त्याने हात जोडले. म्हणाला, "सर, तुमी तुमच्या पोरीची पाकिटं काढून दिलीत. पूजा म्हणते, सरांनी बरोबरच सांगितलं असणार, तिचंच पाणी घालताना चुकलं. सारखं तेच बोलतेय. गावी आई आहे, बघेल तिच्याकडे."

मी त्याचे हात हातात घेतले. जिन्यापर्यंत त्याला सोडायला गेलो.

तो गेल्यावर मनीषा आत गेली. हिराबाय भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ती पोर सोताला खातंय." मी म्हणालो, काकी, माझ्याने नाही होणार. त्या म्हणाल्या, "मी सांगनार नाय. तुजा सांगना हाय. दिवालीपावत वाट बघीन, मंग मी जाईन." एवढंच. नंतर त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. तांदळाची भाकरी पूर्वीसारखी वर येत राहिली. जिन्यात भेटल्या की "सर, तू जेवलास काय?" तेही तसंच. मीच त्यांच्या दारावरून जाताना भराभर पावलं उचलायचो.

कामावर मी कागद वाचत असे आणि एखाद्या अर्जदाराने अट न वाचता सही केलेली दिसली की माझा हात थांबे. असे दावे आम्ही नामंजूर करतो. कारण देतो, सूचना स्पष्ट छापलेली होती. इमारतीत कोणी काही विचारायला आलं तर मी म्हणू लागलो, मला माहीत नाही. लोकांना वाटलं, सरांना गर्व झाला.

सप्टेंबरमध्ये हिराबाय टाकीचं झाकण बघायला गच्चीवर गेल्या आणि उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर लेकीने त्यांना पेणला नेलं. गाडीत आडव्या होत्या, तेव्हा त्यांनी ओवीला जवळ मागून घेतलं आणि तिच्या गालाला नाक लावलं. माझ्याकडे पाहिलं, पण दिवाळीचं नाव काढलं नाही. आता त्यांना कुठे जाता येणार नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर मला कोणी विचारणारं उरलं नव्हतं. ती सुटका मला त्या रात्री खरोखर सुटकेसारखी वाटली, हे मी कबूल करतो. मग पूजाची आठवण आली, ती चिपळूणजवळच्या वाडीत काय म्हणत बसली असेल याची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या वाडीला गेलो. परत आल्यावर पेणला हे पत्र पाठवलं. काकींना फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

ती. हिराबाय काकी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सगळं वाचू द्या, मधे थांबवू नका. तिला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे.

मी सचिनच्या घरी जाऊन आलो. आधी आईवडिलांना फोनवर सगळं सांगितलं आणि मग निघालो. आई खूप रडली. दूध-पाणी बंद ठेवायला तिनेच सांगितलं होतं, ते तिला लागलं आहे.

सचिनने मला ओटीवर बसवलं. चहा ठेवायला सांगितला. मी म्हणालो, चहा नंतर, आधी ऐका. मी सगळं सांगितलं. पाकीट वाचलं नव्हतं ते सांगितलं. रिक्षात तुमच्या शेजारी बसून मी खिशात ठेवलेला मेसेज सांगितला. पाकिटाचं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला दिवाळीची मुदत दिली होती, तेही सांगितलं. तुमचं नाव गाळता आलं असतं, पण मग पुन्हा काही लपवल्यासारखं झालं असतं. ते तुमच्यावरही रागावले असतील तर मला माफ करा.

सचिनने एकच विचारलं. दुसरी बाटली पाजली तेव्हा तुम्हाला कळलेलं होतं का? मी हो म्हणालो. तो उठून गोठ्याकडे गेला आणि मी असेपर्यंत परत आला नाही. सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तुम्हीही तसं कधी म्हणाला नव्हता.

पूजाताई दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. फार वाळल्या आहेत. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, मी एक बाटली पाणी घातलं होतं, बरोबर एक बाटली. मी म्हणालो, हो ताई, मी सांगितलं तसंच केलंत तुम्ही. तुमचं काही चुकलं नव्हतं.

त्यांनी आत जाऊन सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. शेजारच्या दोन बायकांना हाक मारली. मग माझ्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता परत सांगा. पहिल्यापासून सांगा, यांच्यासमोर."

काकी, मी परत सांगितलं.

आपला,
अनिल